इस्त्री

भूगर्भशास्त्रात अशा टेकडीला इस्त्री म्हणतात.
खरंच म्हणतात, विनोद नाही.
तळ्याच्या तळाशी साचलेला गाळ, वाळू, गोटे;
खालून रेटा आला, थर कलंडले,
पावसापाण्यानं कडा तासल्या
आणि उरलं हे त्रिकोणी अंग,
परटानं काम संपवून उभं करून ठेवल्यासारखं.

हे मी झुम्रेताला तिच्या टपरीत सांगत होतो,
बोस्ना नदीच्या काठी, जून महिन्यात.
टेबलावर ओळीनं बोटभर उंचीचे पिरॅमिड.
लहान पाच मार्क, मोठा बारा.
"बारा हजार वर्षांपूर्वीचा आहे डोंगर," ती म्हणाली.
मी म्हणालो, "सत्तर लाख."
"बघा. तुम्ही तर आमच्याहून वाढवून सांगता."

लाइपझिगहून बस आली होती.
चाळीस माणसं बोगद्यात डोळे मिटून हुंकार भरत होती,
एकाचा गुडघा म्हणे तिथल्या तिथे सुटला.
पुढे रसीम, डोक्यावर जुनंच हेल्मेट.
तीस वर्षं त्यानं कोळसा काढला, कोळसाच खोकला,
तेव्हा घरीदारी कुणी विचारलं नाही,
आत काय दिसलं रे?
आता बायका त्याचा हात धरून विचारतात.
मला बघून त्यानं डोळा मारला.
मग पुढच्या वाक्यात त्याचा आवाज खरोखरच कापला:
"आपले होते ते. जगातले पहिले.
आपण असे नंतर झालो."

मुद्दे होते माझ्याकडे.
एक खापर नाही, चुलीची राख नाही,
छिन्नीचा ओरखडा नाही.
एवढं बांधणारी माणसं जेवली कुठे, हगली कुठे?
डोंगर पोखरून उंदीर तरी निघतो म्हणतात,
इथे तोही नव्हता.

सरकारी माणसाचं ऐकून घेतात
तसं झुम्रेतानं ऐकून घेतलं.
कॉफीवरचा फेस चमच्यानं माझ्या कपात घालत म्हणाली,
मी इथली नाही. द्रिनाकाठची.
माझ्या मेवलुदिनची मांडी सापडली दोन हजार चार साली,
जबडा तीन वर्षांनी, दुसऱ्याच खड्ड्यात.
तोवर दफन थांबवून ठेवलं.
या देशात कुठे पोकलेन आला की मला फोन यायचा,
येऊन जा, बघू जुळतंय का.
मग एका वसंतात इथेही आला पोकलेन.
मी दाराशी उभी, पोटात गोळा,
आणि काढलं काय त्यांनी, तर फरशी!
नुसती फरशी, साहेब. दगडाची.
कुणाचीच नाही.

फरशी नव्हती ती.
वाळूचा खडक, सांध्यांवर चौकोनी तडकलेला.
हे माझ्या जिभेवर आलं होतं.
कॉफी फार गरम होती.

माझ्यापाशी तिला द्यायला एक आटलेलं तळं होतं.
त्याच्या लाटा खडकात उमटून राहिल्यात,
वरून बोटं फिरवली की माझ्या अंगावर अजून काटा येतो.
पण त्या लाटा कुणासाठी उठल्या नव्हत्या,
कुणी बघत नव्हतं, कुणी थांबवल्या नाहीत.
हे एवढं रिकामं सांगायचं कसं
भरल्या घरातून उठून आलेल्या बाईला?

अहवालात मी लिहिलं: टेकडी नैसर्गिक आहे.
मानवी बांधकामाचा पुरावा नाही.
सही, तारीख.
आजही त्यातला शब्द बदलणार नाही.

निघताना तिनं एक लहान पिरॅमिड पिशवीत टाकला.
पाच मार्क मात्र मोजून घेतले.
तो आता माझ्या ऑफिसात, नमुन्यांच्या कपाटात आहे.
चिठ्ठी नियमाप्रमाणे लावली:
संगमरवराचा चुरा आणि राळ, साच्यातला.
वय अंदाजे पाच महिने.
कपाटातला सगळ्यात कोवळा दगड.

साफसफाईला येणारी बाई
त्याच्यावरची धूळ रोज पुसते.
बाकीच्यांवरची नाही.